आयुधपूजेतले ब्रेक-पॅड

निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना माणसाने नवीन कामं अंगावर घेऊ नयेत. मी घेतलं. तेही जावयाच्या गाडीचं, आणि तेही ऐन सणात.

मी चेन्नईजवळच्या आवडी गावी संरक्षण कारखान्यात तपासनीस होतो. अवजड लष्करी गाड्यांचे ब्रेक माझ्या टेबलावरून जायचे. मी ते बनवत नव्हतो, जोडतही नव्हतो. बघायचं, मोजायचं आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं लिहून सही ठोकायची, एवढंच माझं काम. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हेच केलं. सतत ‘चालणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाला कोणी जवळ करत नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच असायची आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. घरी आल्यावर कोणाशी बोलायचं त्राण उरायचं नाही, दिवसभरात जेवढी तोंडं वाईट करायची तेवढी करून झालेली असायची.

मुलगी चेन्नईतच, अड्यारला दिलेली. सासर तंजावरच्या मराठ्यांचं, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या आणि इकडचेच होऊन गेलेल्या लोकांचं. आम्ही कोल्हापूरकडचे, बदलीने इथे येऊन पडलेले. दोन्हीकडे मराठीच, पण पहिल्या भेटीत विहीणबाई काय म्हणतात ते कळायला मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं होतं आणि त्यांना माझं बोलणं भांडल्यासारखं वाटलं होतं. विहीणबाई विधवा, करारी, घर एकहाती चालवलेलं. जावई त्यांचा एकुलता एक, कॉम्प्युटरवाला. माणूस गुणी. व्यसन एकच, ती गाडी.

गाडी जपानी होती. दोन दारं, दोनच माणसांची जागा, आणि इतकी बुटकी की आत बसताना माझे गुडघे छातीला लागत. कोण्या परदेशी साहेबाने देश सोडताना विकली, ती याने घेतली. अड्यारच्या गल्लीतले गतिरोधक ओलांडताना तिचं पोट घासायचं आणि जावयाचं तोंड असं व्हायचं की जणू त्याचंच घासलं. चेन्नईच्या रस्त्यावर ती कुठे पळवायची हा प्रश्न मी एकदा विचारला होता. त्याने समुद्राकाठच्या रस्त्याचं नाव घेतलं. मुलगीही शेजारी बसून जाते हे मला नंतर कळलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण रविवारी संध्याकाळी तिचा फोन येईपर्यंत माझं वर्तमानपत्रात लक्ष लागत नसे.

त्या वर्षी नवरात्रात तिचा फोन आला तो अवेळी, बुधवारी.

“बाबा, याच्या गाडीचे ब्रेक चिरकतायत. पुढचे पॅड संपलेत म्हणतो. नवे पॅड सिंगापूरहून मित्राने आणून दिलेत, पण गॅरेजवाला दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी या म्हणतोय. आणि आम्हाला दसऱ्याला तंजावरला निघायचंय, मोठ्या मामांच्या ऐंशीचं सदाभिषेकम् आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “मी सांगून टाकलंय सगळ्यांना, आमचे बाबा करतील म्हणून.”

मी म्हणणार होतो की मी तपासनीस आहे, फिटर नाही. पण तिच्या त्या ‘आमचे बाबा’मध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. गेल्या नवरात्रात, लग्नानंतरच्या पहिल्याच, तिच्या हातून कोलूतली एक मातीची बाहुली पडून फुटली होती. कोलू म्हणजे तिकडची ती पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेली बाहुल्यांची आरास. फुटली ती विहीणबाईंच्या आजेसासूच्या काळची होती. कोणी ओरडलं नाही. पण तेव्हापासून त्या घरात दही विरजलं नाही तरी ‘हिचा हात लागला असेल’, मिक्सर बंद पडला तरी ‘हिचा हात’. हसत हसतच म्हणत. मुलगीही मला फोनवर हसत हसतच सांगायची, आणि तिचं खरं हसू कसं असतं हे मला तिच्या जन्मापासून माहीत होतं. आता त्या घरात तिच्या बाजूचं काहीतरी नीट होणार होतं. मी “येतो” म्हटलं.

खंडेनवमीला, म्हणजे तिकडच्या आयुधपूजेच्या दिवशी, पहाटेची लोकल पकडून सेंट्रलला उतरलो आणि पुढे बसने अड्यार. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात दोन लोखंडी स्टँड. जावयाने फोनवर सांगितलं होतं की गाडीत जॅक आहे, बाकी काही आणू नका. मी त्याला म्हटलं, जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत. तेव्हा ते स्टँड घेऊनच निघालो आणि बसमध्ये दोघातिघांच्या पायांवर आपटून घेत त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. सणामुळे कारखान्याला सुट्टी, बायको आईच्या आजारपणासाठी कोल्हापूरला. शहाण्या माणसाने अशा दिवशी झोप काढली असती.

पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. रस्त्यावरच्या रिक्षांना केळीचे खुंट बांधून झाले होते. गाडी अंगणात उभी होती, धुऊन पुसून तयार. कामाला लागलो. हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना विटा लावल्या, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग जॅक चढवला. जावई हौसेने बाजूला उभा. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारी. गाडी स्टँडवर ठेवून मी तिला दोन्ही हातांनी चांगली हलवून पाहिली तर तो धावत पुढे आला.

“मामा, पडेल!” सासऱ्याला तिकडे मामा म्हणतात.

“आत्ता पडली तर बरं,” मी म्हटलं. “मी खाली असताना पडायला नको.”

चाक काढल्यावर जुने पॅड दिसले. बाहेरचा ठीक होता, आतल्या बाजूचा पोस्टकार्डाइतका उरला होता. हे घेऊन हा माणूस माझ्या मुलीला बसवून समुद्राकाठी जात होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने मान खाली घातली, तेवढं पुरे झालं. ब्रेकचा जबडा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक पिन अडकून बसली होती, म्हणूनच आतला पॅड लवकर झिजला होता. ती सोडवण्यात तास गेला. जबडा सोडवला की तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही. तो तारेने वर बांधला. काळी धूळ फुंकून उडवायची नसते, ती छातीत जाते. जावई फुंकायला वाकला तसा मी खेकसलो. मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं. पिस्टन हळूहळू मागे दाबला, वर बॉनेटखाली तेलाची डबी भरून सांडत नाही ना ते जावयाला बघायला लावलं. दोन्ही बाजूंचं असं करून झालं. नवे पॅड खोक्यातून काढून, मापून, हत्यारांच्या शेजारी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. आता बसवायचेच तेवढे राहिले होते. माझी कंबर कुरकुरायला लागली होती, पण अर्ध्या तासाचं काम होतं.

तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या.

“पुरे आतां, व्याहीबुवा. साडेधाला राहुकाळ लागतो. अवघीं आयुधं आंत द्या, देवापुढं ठेवायचीं.”

मी म्हटलं, अर्धा तास द्या.

“अर्ध्या तासांत मुहूर्त जातो,” त्या म्हणाल्या. “कष्टलांत फार. आधीं कापी प्या.”

आता आमच्या कारखान्यातही हेच असतं. आयुधपूजेला मशीनं पुसायची, हत्यारं पुसायची, गंध लावायचं, आणि एकदा देवापुढे ठेवली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. एरवी साहेबाचं न ऐकणारे लोक हा नियम पाळतात. मीही पाळत आलो. तेव्हा हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर मला बसायचंच होतं. हात धुतले, ओसरीच्या पायरीवर टेकलो, हातात गरम कॉफीचा स्टीलचा पेला आला. मुलगी ते वर्तमानपत्र तसंच दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन गेली.

दार उघडं होतं. आत ती जमिनीवर मांडी घालून बसली. तिने सासूकडे तेल मागितलं. सासूने तिळाच्या तेलाची बाटली दिली. मग तिने एक जुनं मऊ फडकं घेतलं आणि एकेक पाना, एकेक सॉकेट उचलून तेलाने पुसायला लागली. आवडीच्या क्वार्टरमध्ये दर खंडेनवमीला हे काम तिचंच असायचं. पाच वर्षांची असल्यापासून. खाऱ्या हवेला लोखंड गंजतं म्हणून मी हत्यारांना तेलाचा हात फिरवायला तिला शिकवलं होतं, आणि एकही जागा कोरडी राहिली की परत पुसायला लावायचो. ती आता त्याच चिकाटीने पुसत होती. जिभेचं टोक दातात धरून, लहानपणी धरायची तसं.

मी बघत होतो. मला बरं वाटत होतं, इतकं बरं की त्यापलीकडे डोक्यात काही येईना. विहीणबाई गंधाची वाटी घेऊन आल्या, चकचकीत हत्यारं पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, “अगो, हें मात्र बरवें केलीस हो.” वर्षभरात त्या घरात तिच्या हाताची झालेली ती पहिली स्तुती होती. मुलीने मान वर करून दारातून माझ्याकडे पाहिलं. मी पेला तोंडाला लावला, कारण डोळे भरून आले होते आणि या वयात ते बरं दिसत नाही.

पूजा झाली. चुरमुरे-चणे वाटले. दाराबाहेर कोहळा फोडला. मी गाडी स्टँडवर सोडून घरी जाऊ शकत नव्हतो, तेव्हा तिथेच राहिलो. लेकीच्या सासरी मुक्काम करायला मला अवघड वाटतं. प्रत्येक वेळी पाणी मागताना आपण काहीतरी जास्त मागतोय असं वाटतं. जेवताना विहीणबाईंनी मुलीच्या पानात आपल्या हाताने आणखी एक चमचा तूप वाढलं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आजचा दिवस वाया गेला नाही.

दसऱ्याला सकाळी पुन्हा पूजा झाली आणि हत्यारं मला मिळाली. ओसरीवर बसून चष्मा लावला आणि पहिला पॅड उचलला.

बोटं घसरली. पॅडचा पृष्ठभाग खडूसारखा कोरडा आणि करडा असतो. हा काळा, ओला होता. नाकाशी नेला. तिळाचं तेल. दुसरा उचलला, तिसरा, चौथा. चारही. एकही जागा कोरडी सोडली नव्हती.

दोष कोणाचा हे ठरवायला मला तपासणी अहवाल लागत नव्हता. ज्या माणसाने पॅड हत्यारांच्या शेजारी उघडे ठेवले त्याचा. ज्याने समोर बसून, उघड्या दारातून, तेलाची बाटली पाहिली आणि कॉफी पीत राहिला त्याचा. पॅड म्हणजे हत्यार नव्हे हे तिला कोण सांगणार होतं? मी तिला लोखंड दिसलं की तेल लावायला शिकवलं होतं. कशाला लावायचं नाही हे शिकवायचं राहून गेलं होतं.

मी फडक्याने दाबून दाबून पुसलं. पॉलिश-पेपर घासला. वरून पॅड पुन्हा करडे दिसायला लागले, नव्यासारखे. मग मी कारखान्यातली सवय म्हणून एक गोष्ट केली. कोऱ्या कागदावर चारही पॅड उपडे घालून गच्चीवर उन्हात ठेवले आणि तासभर तिथेच पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. खाली मुलगी बॅगा भरत असल्याचं ऐकू येत होतं. नवी साडी कुठली नेसायची यावर सासू-सुनेची चर्चा चालली होती आणि त्यात पहिल्यांदाच दोघींचा आवाज सारखा वाटत होता. तासाने पॅड उचलले. कागदावर चार तेलकट डाग, आरपार. तेल आत मुरलं होतं. पहिले काही मैल ब्रेक लागले असते. मग महामार्गावर, ट्रकच्या मागे, डिस्क तापल्यावर ते तेल बाहेर आलं असतं.

जावई वर आला. मी कागद दाखवला. तो हुशार, लगेच समजला, पण त्याला निघायचं होतं.

“मामा, पेट्रोलने पुसू. नाहीतर गॅसवर भाजू. इथले मेकॅनिक तेच करतात.”

“करतात.”

“मग?”

मग काय. मी अगदी दमलो होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही. कंबर मोडली होती, दोन दिवस लोकांच्या घरात वावरून जीव आंबला होता. बसवून टाकले असते तर कोणाला कळलं नसतं. मुलगी हसत गाडीत बसली असती, विहीणबाईंनी लिंबं चाकाखाली ठेवली असती, मी दुपारच्या लोकलने घरी जाऊन पडलो असतो. आणि ब्रेक कदाचित लागलेही असते. पुष्कळदा लागतात. माझ्या नोकरीत मी नापास केलेल्या कितीतरी वस्तू बहुधा चालल्याच असत्या. हा विचार मला तेव्हा आला आणि तो नोकरीभर का आला नाही याचं नवल वाटलं. पण त्या गाडीत दोनच माणसांची जागा होती आणि त्यातली एक माझ्या पोरीची होती.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “हे पॅड फेकायचे. जुने तात्पुरते परत घालतो, गाडी चाकांवर उभी राहील. पण ती अंगणाबाहेर जाणार नाही.”

त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मग त्याने तो प्रश्न विचारला जो विचारायलाच हवा होता.

“पण तेल कसं लागलं?”

आम्ही जिना उतरून ओसरीत आलो होतो. विहीणबाई दाराशी उभ्या होत्या, प्रवासासाठी बांधलेला इडलीचा डबा हातात. त्या रात्रीच्या गाडीने बहिणीबरोबर जाणार होत्या, डबा या दोघांसाठी होता. त्यांच्या मागे मुलगी. माझ्या हातातला कागद तिने पाहिला. त्यावरचे चार डाग पाहिले. तिला कळलं. कोणी सांगायच्या आधी तिला कळलं, कारण तिचा हात आपोआप पदराखाली गेला.

कारखान्यात मी कधी खोटा अहवाल लिहिला नाही. त्यापायी दोन बढत्या हुकल्या असं बायको म्हणते. तिचं खरंही असेल. त्या ओसरीत मात्र मी सहजपणे, अजिबात न अडखळता म्हणालो, “माझीच चूक. सकाळी हत्यारं हाताळली, हाताला तेल होतं. हात न धुता तसेच पॅड धरले. चष्माही नव्हता लावलेला.”

आणि मुलीकडे पाहून, बाकीच्यांना दिसणार नाही इतपत, मान हलवली. गप्प बस.

विहीणबाईंनी डबा खाली ठेवला. “परवाइल्ला,” त्या म्हणाल्या, म्हणजे हरकत नाही. “वय झालें, होतें असें.” मनापासून म्हणाल्या. मग मुलाकडे वळून तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. मला तमिळ बोलता येत नसलं तरी इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. मोठ्या माणसाला कामाला लावू नये, असं त्या म्हणत होत्या. जावई “सेरि, सेरि”, म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि माझ्याशी फार अदबीने बोलायला लागला. कालपर्यंत तो मला प्रश्न विचारत होता. आता म्हणाला, “मामा, तुम्ही बसा, मी बघतो.” मी बसलो नाही. जुने पॅड घातले, पिना तपासल्या, चाकं चढवली, गाडी खाली घेतली, नट पुन्हा मापाने आवळले, आणि पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं. पिस्टन मागे ढकललेला असताना पहिलं पेडल थेट खाली जातं. ते दाबून न घेता गाडी काढणारे लोक समोरच्या भिंतीला जाऊन भेटतात. सगळं झाल्यावर एका पुठ्ठ्यावर ‘गाडी चालवू नये’ असं लिहून तो स्टिअरिंगला दोरीने बांधला. तो मुलीलाच वाचता येणार होता. जावयाला मराठी वाचता येत नाही. पण मला दुसऱ्या कुठल्या भाषेत ते लिहायचं सुचलं नाही.

ते दोघं दुपारी कोयंबेडूच्या बसस्थानकावरून बसने निघणार असं ठरलं. सणाची गर्दी, जागा मिळेल न मिळेल. कोणी माझ्यावर रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवणात मला सगळ्यांत आधी वाढलं आणि पिशवी उचलू दिली नाही.

मुलगी बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. स्टँड जावई नंतर आणून देणार होता, त्यामुळे माझ्याकडे फक्त पिशवी, आणि तीही तिने घेतली. रस्त्यावर फुटलेले कोहळे, त्यावरचं कुंकू वाळलेलं. कडेने चालावं लागत होतं. स्टॉप दहा मिनिटांवर. ती काही बोलली नाही, मीही नाही. मला वाटलं, शब्द जुळवतेय. लहानपणी काही फोडलं की अशीच गप्प चालायची आणि मग एकदम सांगायची. मी चाल मंद केली. तसं करायला कंबरेचं निमित्त होतंच.

स्टॉपवर आलो. सेंट्रलची बस लांबून दिसत होती.

“बाबा,” ती म्हणाली.

“हं.”

“तुम्ही आता असली कामं घेत जाऊ नका. होत नाहीत तुमच्याकडून. आणि चष्मा लावत जा ना.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे रस्त्याकडे होते. आवाजात माया होती, खोटी नव्हती. ती जे बोलत होती ते तिला त्या घरात जाऊन बोलत राहावं लागणार होतं, रोज, कितीतरी वर्षं, आणि त्याची सुरुवात ती इथे करत होती, हे मला समजलं. समजलं म्हणून कमी लागलं असं नाही.

“लावत जाईन,” मी म्हटलं.

बस आली. तिने पिशवी वर दिली. बसायला जागा मिळाली, खिडकीजवळची. तिने हात केला, मी केला. मला राग यायला हवा होता, पण रागाला लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं. आणि रागवायचं कोणावर? गप्प बस, असं मीच तिला खुणावलं होतं. ती गप्प बसली, माझं ऐकलं तिने. त्या लोकांसमोर तिने काही बोलू नये हेच मला हवं होतं, आजही हवं आहे. पण बसस्टॉपपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत आम्ही दोघंच होतो. निदान मला तरी सांगेल, असं वाटलं होतं.